शेकडा किती, आणि कोणाच्या शेकड्यात?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्यासाठी आपण एका शाळामास्तराला बोलावलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. मी गणित शिकवतो. गणिताच्या मास्तराला जेवणानंतर बोलायला उभे करण्यात केवढा धोका आहे, हे आपल्या चिटणीसांना ठाऊक असणारच. तरीही त्यांनी तो पत्करला, तेव्हा मीही फळा-खडूशिवाय निभावून नेण्याचा प्रयत्न करतो.

विषय निवडला त्याला कारण आहे. महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ट्रस्टने घरोघरची पाहणी हाती घेतली आहे. घरात माणसे किती, शिकणारी किती, कमावती किती, आजारी किती, हे आपले स्वयंसेवक लिहून आणत आहेत. त्यातून तक्ते तयार होतील, आणि त्या तक्त्यांवरून शिष्यवृत्ती कोणाला, औषधपाण्याची मदत कोठे, हे ठरेल. तक्ता खरा असला तरी वाचणारा चुकला, तर मदत भलत्याच दारी जाते. म्हणून तक्ता वाचावा कसा, एवढेच आज सांगणार आहे.

जनगणनेला आपले वाडवडील खानेसुमारी म्हणत. शब्द फारसी आहे. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजदाद. माणसे मोजायची ती घरागणिक, हा त्यातला अर्थ. अशाच एका घरागणिक मोजदादीची हकीकत आपल्या वडोद्याच्या वेशीवरची आहे.

गोरव्याच्या पलीकडे उंडेरा नावाचे गाव आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो गुजरातेतही पसरला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून हिंदुस्थानात आलेले शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांना रोगाइतकीच सुईची भीती वाटे. ती भीती मोडावी म्हणून आगाखान तिसरे यांनी स्वतः चारचौघांत टोचून घेतले. पण लस खरोखर उपयोगी पडते का, हे ठरवायला धैर्य पुरत नाही, मोजणी लागते.

ती मोजणी १८९८ च्या फेब्रुवारीत उंडेऱ्यात झाली. गावातली माणसे कुटुंबवार उभी करून प्रत्येक घरातल्या सुमारे निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. टोचलेले झाले ५१३ आणि न टोचलेले राहिले ४३७, मिळून ९५०. त्यानंतर गावातल्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या २८ कुटुंबांचा तक्ता असा:

टोचलेले: आजारी ८, सुखरूप ६३, एकूण ७१.
न टोचलेले: आजारी २७, सुखरूप ३७, एकूण ६४.
दोन्ही मिळून: आजारी ३५, सुखरूप १००, एकूण १३५.

आजाऱ्यांपैकी टोचलेले ३ दगावले आणि न टोचलेले २६.

आता हा तक्ता वाचू. पहिला प्रश्न अगदी साधा. या १३५ जणांतून डोळे मिटून एकाचे नाव काढले, तर तो आजारी पडलेला असण्याचा संभव किती? आजारी ३५, एकूण १३५. पस्तीस भागिले एकशे पस्तीस, म्हणजे शेकडा सुमारे २६. ही झाली साधी संभाव्यता. तिचा अंश आणि छेद दोन्ही बेरजेच्या ओळीतून येतात. तो टोचलेला होता की नव्हता, हे आपण विचारलेच नाही.

दुसरा प्रश्न: काढलेले नाव टोचलेल्याचे आहे आणि तो आजारीही पडला, असे असण्याचा संभव किती? असे माणूस ८. छेद मात्र अजून १३५ च. शेकडा सुमारे ६.

तिसरा प्रश्न ऐकताना सावध असावे. नाव काढले, आणि कोणी तरी आपल्या कानात सांगितले की हा माणूस टोचलेला आहे. आता तो आजारी असण्याचा संभव किती? ही बातमी कळताच न टोचलेल्यांची सगळी ओळ आपण हाताने झाकून टाकायची. उरले ७१. त्यांतले आजारी ८. आठ भागिले एकाहत्तर, शेकडा सुमारे ११. न टोचलेल्यांची ओळ उघडी ठेवून दुसरी झाकली, तर चौसष्टांत सत्तावीस, म्हणजे शेकडा सुमारे ४२. यालाच सशर्त संभाव्यता म्हणतात. नाव जड आहे, पण काम हलके आहे. अट कळली की छेद बदलतो, एवढेच त्यातले मर्म.

दुसरे आणि तिसरे उत्तर एकमेकांचे नातलग आहेत. १३५ पैकी टोचलेले ७१, आणि त्या ७१ पैकी आजारी ८. या दोन अपूर्णांकांचा गुणाकार करा. एकाहत्तराला एकाहत्तर जातात आणि १३५ पैकी ८ उरतात. आपले दुसरे उत्तर परत हाती येते.

मृत्यूंचे आकडे तर अधिक बोलके आहेत. टोचलेल्या ७१ पैकी ३ गेले, शेकडा सुमारे ४. न टोचलेल्या ६४ पैकी २६ गेले, शेकडा सुमारे ४१.

आता चौथा प्रश्न, आणि घसरण्याची जागा हीच. आजारी पडलेल्यांपैकी टोचलेले किती? पस्तिसांत आठ, शेकडा सुमारे २३. 'टोचलेल्यांपैकी आजारी' आणि 'आजाऱ्यांपैकी टोचलेले' हे शब्द तेच, फक्त मागेपुढे झाले. पण एक ११ आहे आणि दुसरा २३. अंश दोन्हींत ८ च आहे, छेद मात्र निराळा आहे. ज्याला लस नको आहे तो म्हणेल, "आजाऱ्यांत जवळजवळ चौथा हिस्सा टोचलेलेच होते की! मग टोचून काय मिळवले?" त्याला उत्तर असे. समजा, गावातल्या एकूणएक माणसाला टोचले असते. मग जो कोणी आजारी पडला असता तो टोचलेलाच असता. आजाऱ्यांपैकी टोचलेले शेकडा शंभर! यावरून लस वाईट ठरत नाही, टोचलेले बहुत होते एवढेच ठरते.

ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देऊ नका. २०२१ साली करोनाची लस आली तेव्हा माझ्या घरी हाच वाद झाला. माझे वडीलधारे चाचा लस घ्यायला तयार नव्हते. इस्पितळात दाखल झालेल्यांत लस घेतलेलेही आहेत, हे त्यांनी ऐकले होते. ऐकलेले खोटे नव्हते, म्हणून तर समजावणे कठीण. मी कागदावर उंडेऱ्याचा तक्ता मांडला आणि दोन्ही ओळी आळीपाळीने हाताने झाकून दाखवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "बेटा, मग मला काही होणार नाही, अशी खात्री देतोस?" मी म्हटले, "खात्री नाही देत, चाचा. तो रोग निराळा, हा निराळा. पण प्रश्न कोणत्या ओळीवर विचारायचा, ते दोन्हीकडे सारखेच." दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. एवढ्यासाठी तरी गणित शिकल्याचे सार्थक झाले, असे मला वाटते.

तक्ता वाचताना आणखी तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले, तक्ता कोणाचा आहे हे पाहावे. मघाशी न टोचलेल्यांत शेकडा ४२ आजारी म्हटले, ते प्लेग शिरलेल्या २८ घरांपुरते. सगळ्या गावात न टोचलेले ४३७ होते. त्यांत २७ म्हणजे शेकडा सुमारे ६. दोन्ही आकडे खरे आहेत. एकात 'घरात प्लेग शिरला असता' ही अट आहे, दुसऱ्यात नाही.

दुसरे, आकडे थोडे असतील तर उत्तर अदमासाचे समजावे. टोचलेल्यांत ८ ऐवजी ९ आजारी पडते, तर शेकडा ११ चे जवळजवळ १३ झाले असते. ११ आणि ४२ यांतले अंतर मोठे आहे, म्हणून तेथे निर्णय डळमळत नाही. ११ आणि १३ यांच्यासाठी मात्र भांडू नये.

तिसरे, दोन ओळी तुलनेच्या लायकीच्या आहेत का, हे पाहावे. उंडेऱ्यात घरातल्या घरातच निम्मे-निम्मे केले होते. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. म्हणून फरक दिसला तो लसीचा, असे म्हणायला आधार मिळाला. श्रीमंत वस्ती टोचली असती आणि गरीब वस्ती सोडली असती, तर फरक लसीचा की घराचा, हे कोणी सांगावे? आज असे प्रयोग करताना माणसाची संमती घेतात आणि कोणाला लस मिळायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात.

आता आपल्या ट्रस्टकडे वळतो. पुढील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, पाहणीत २०० मुले आढळली. १५० ना आपली मदत मिळते, ५० ना मिळत नाही. मदत मिळालेल्यांत १५ नापास झाली, न मिळालेल्यांत १०. कोणी सभासद सभेत उठून म्हणतील, "नापास २५, त्यांत १५ आपल्या मदतीची! शेकडा साठ! बंद करा ही खैरात." त्या क्षणी कोणी तरी शांतपणे विचारले पाहिजे, "साहेब, कोणाच्या शेकड्यात?" मदत मिळालेल्या दीडशेंत १५ म्हणजे शेकडा १०. न मिळालेल्या पन्नासांत १० म्हणजे शेकडा २०. चित्र उलटे झाले. पण लगेच टाळ्याही पिटू नयेत. मदत देताना आपण आधीच हुशार मुले निवडली असतील, तर हा फरक मदतीचा की निवडीचा, हे तिसऱ्या पथ्याने तपासले पाहिजे.

स्वयंसेवक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच की, एकही घर सोडू नका आणि एकही रकाना अंदाजाने भरू नका. आणि अहवाल छापाल तेव्हा प्रत्येक शेकड्याशेजारी 'इतक्यांपैकी इतके' असे लिहा. ज्या शेकड्याला छेद सांगता येत नाही, तो छापूच नये.

उंडेऱ्याच्या तक्त्यात कोणाचे नाव नाही. त्या २६ जणांत कोणाची आई होती, कोणाचे मूल होते, हे त्यातून कळत नाही. पण त्यांना, आणि वाचलेल्यांनाही, कोणी तरी घरागणिक नीट मोजले, म्हणून पुढच्या लोकांना सुईची भीती बाजूला ठेवण्यास आधार मिळाला. आपल्या पाहणीतली माणसेही उद्या अशीच आकड्यांत जातील. ती निदान योग्य छेदात जावीत, इतकी काळजी आपण घेऊ या.