एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत
(महाड-पोलादपूरच्या कामगार-शेतकऱ्यांपुढे केलेलं भाषण)

बंधूंनो, आणि डोंगर उतरून, पोरंबाळं काखेला मारून आलेल्या मायबहिणींनो,

आम्हाला अशा व्यासपीठावर बोलायची सवय नाही. गिरणीच्या गेटवर बोलणं निराळं. तिथं बोनसचा आकडा सांगायचा, मालकाचा डाव उघडा करायचा आणि घोषणा देऊन पाळीला जायचं. आजचा विषय घोषणेनं भागणारा नाही. रणात पडलेल्या जवानाला मान द्यायचा, म्हणजे नेमकं काय करायचं, हा आजचा विषय आहे. आम्ही चौथी शिकलेली माणसं. पुस्तकातलं आम्हाला सांगता येणार नाही. घरात जे ऐकलं, पाहिलं, तेच तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या मुलखाचा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे. सावित्रीच्या काठची दोन-चार खाचरं आणि वर डोंगराला वरी-नाचणी. तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून घरात तीन भाऊ असले तर एक नांगराला राहिला, एक मुंबईला गिरणीत गेला आणि एक पलटणीत गेला. आमचे आजे परळ-लालबागच्या गिरण्यांत राबले. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले, आणि आम्ही आज दुसऱ्या गावच्या सूतगिरणीत पोट भरतो. पण पलटणीत जाणं थांबलेलं नाही. आपल्याच महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे. गावाच्या नावाआधी फौज लागली, ती काही सरकारनं दिलेली शोभेची पदवी नव्हे. पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत गेला म्हणून ते नाव पडलं.

तेव्हा पलटणीतला जवान आणि गिरणीतला कामगार ही दोन माणसं नव्हेत, एकाच चुलीवरची भाकरी खाऊन निघालेले दोन भाऊ आहेत. दोघांच्या मनीऑर्डरी एकाच आईच्या हातात पडायच्या. फरक एवढाच, की गिरणीतल्या भावाचं मरण हळूहळू यायचं, छातीत कापूस साठून. पलटणीतल्या भावाचं मरण तारेनं यायचं.

त्या तारेचीच गोष्ट सांगतो. १९६५ च्या लढाईच्या दिवसांतली, आमच्या घरात सांगितली जाते ती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत टपालवाला तार घेऊन आला. घरात जवानाची बायको एकटी. तार इंग्रजीत. टपालवाला म्हणाला, "बाय, हे मला नीट उमगत नाही, खालच्या गावात मास्तरांकडं ने." त्याला खरंच वाचता आलं नसेल, नाहीतर सांगायची छाती झाली नसेल. ती बाई पदरात तार बांधून निघाली. दोन कोस उतार. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "धन्याची तार आली, रजा मिळाली वाटतं." शाळेच्या पडवीत मास्तरांनी तार वाचली आणि टोपी काढून हातात घेतली. तेव्हा तिला समजलं.

बंधूंनो, आपल्या नवऱ्याचं मरण पदरात बांधून ती माउली दोन कोस चालली, आणि ते तिला माहीत नव्हतं! ज्या देशासाठी तिच्या धन्यानं प्राण दिला, त्या देशानं ती बातमी तिला तिच्या भाषेत सांगितली नाही. लोकांच्या भाषेत लोकांचा कारभार चालावा, असं आम्ही म्हणतो तेव्हा शहाणे लोक आम्हाला विचारतात, भाषेसाठी एवढा तंटा कशाला? त्यांना आम्ही ही वाट दाखवू. म्हणू, दोन कोस चालून बघा.

पोलादपूर तालुक्यात आपलं उमरठ आहे. तानाजी मालुसऱ्यांचं गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर ते पडले. घरात रायबाचं लग्न ठेवून गेलेला बाप. लोक सांगतात, त्यांचं शव ज्या घाटानं गावाकडं आणलं, त्याला मढे घाट नाव पडलं. आज उमरठला त्यांची समाधी आहे. तेव्हा मोटार नव्हती, सडक नव्हती. तरी सोबत्यांनी खांद्यावरून सह्याद्री उतरून आपला माणूस त्याच्या माणसांत आणला, आणि मुलखानं त्या वाटेला त्याची आठवण कायमची चिकटवून टाकली. मान म्हणजे काय ते आपल्या वाडवडलांना असं कळत होतं.

आता दुसरा वीर ऐका, ज्याचं शव आलं नाही. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे. मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. वय २२. दुसऱ्या महायुद्धात त्याची पलटण इटलीत गेली. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याची तुकडी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. उभा राहिला एकटा यशवंत. तो मागं फिरला नाही. धावत जाऊन त्यानं हातबॉम्ब टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा बंद पाडला. टॉमीगननं दुसऱ्याला पाडलं. गोळ्या संपल्या. नव्या भरायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देहाची जागा मात्र गावाला कधी दाखवता आली नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांची थडगी ठाऊक नाहीत त्यांच्या नावांत, त्याचं नाव आहे.

इथं सभेत कुणी उठून विचारील, "अहो, तो इंग्रजांच्या फौजेत मेला. त्याचं कौतुक आम्ही कां करायचं?" प्रश्न रास्त आहे. आम्ही तो टाळणार नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये याच महाडच्या कचेरीवर स्वातंत्र्यासाठी मोर्चा आला आणि इंग्रजी अमलाच्या गोळ्यांनी आपली माणसं पडली. म्हणजे त्याच दोन वर्षांत या मुलखातलं एक पोर इंग्रजांच्या गोळीनं पडलं आणि दुसरं इंग्रजांच्या वर्दीत पडलं. लढाई कुणी पुकारायची हे दिल्लीत आणि विलायतेत ठरलं. पळसगावच्या शेतकऱ्याच्या पोराला कुणी विचारलं नाही. तो पोटासाठी गेला, जसे आम्ही गिरणीत गेलो. पण गेल्यावर समोर जी फौज उभी होती ती हिटलरची होती. आणि सोबती पडल्यावर तो एकटा पुढे गेला, ते काही पगारासाठी नव्हे. पैशांसाठी कुणी मशीनगनच्या तोंडात उडी घेत नाही. राज्यकर्त्याचा हिशेब राज्यकर्त्याकडं. पडलेला पोरगा आपला आहे. दोन्ही पोरं आपली आहेत. दोघांसाठी रडायला आई एकच.

आणखी एक हिशेब आहे. तो आपल्याच घरचा आहे, म्हणून जास्त कडू आहे. कोकणातल्या महार समाजानं पिढ्यान् पिढ्या फौजेत रक्त सांडलं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतले पेन्शनर. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे ते. रणात मरायला चालत होते, आणि गावात? २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्या परिषदेला आलेल्यांत फौजेतून पेन्शन घेऊन आलेले लोकही होते. ज्यांनी परमुलखात पाठीला गोळी लागू दिली नाही, त्यांना महाडात घोटभर पाण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. हे आपण केलं. इंग्रजानं नव्हे. तेव्हा हुतात्म्याच्या फोटोला हार घालताना आधी विचारा, हा जिवंत होता तेव्हा आपण याला आपल्या ओटीवर बसवत होतो का?

१९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती बेळगावात. मराठा पलटणीचं केंद्रही बेळगावातच. आपल्या डोंगरातली पोरं तिथं जाऊन शिपाई होतात, आणि छत्रपतींच्या नावाचा जयघोष करीत पुढे जातात. आणि तेच बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं गेलं. आज ते कर्नाटकात आहे आणि त्याचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यावर आज जास्त बोलत नाही. एवढंच म्हणतो, की मराठी राज्यसुद्धा फुकट आलेलं नाही. १ मे १९६० च्या मागं १०५ हुतात्मे म्हणून ज्यांची नावं आपण घेतो, ती माणसं आहेत. त्यांच्या अंगावर वर्दी नव्हती. त्यांच्यात आमच्यासारखे राबणारे होते. म्हणून मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरून कामगार आणि शेतकरी उभे आहेत. त्यांचा तिसरा भाऊ, तो पलटणीतला.

तर मग मान कसा द्यायचा? २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावानं यशवंत घाडगेच्या नावानं स्मारक उभारलं. ते स्मारक म्हणजे सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ आहे. त्यावर त्यांच्या जुन्या भाषेत लिहिलंय, त्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. इटलीच्या त्या लढायांत हिंदुस्थानचे ५० हजारांवर जवान लढले, ५,७८२ मेले. परक्या गावानं ७९ वर्षांनी त्यांतल्या एका पोराचं नाव आपल्या उन्हात लिहिलं. मग आपल्या गावानं काय करायचं?

आम्ही तीन गोष्टी सांगतो. पैसे लागत नाहीत.

पहिली, नाव. शाळेच्या भिंतीवर गावच्या पडलेल्या जवानाचं नाव मराठीत लिहा. बापाचं नाव, वाडीचं नाव, साल, कुठं पडला ते लिहा. जात लिहू नका. पोरांनी ते रोज वाचावं.

दुसरी, कागद. पडलेल्या जवानाच्या घरचा कागद कुणाचाही असो, पेन्शनचा असो की जमिनीचा, त्या बाईला एकटीला कचेरीत जाऊ देऊ नका. आमच्या वाडीतली एक म्हातारी एका कचेरीत अकरा खेपा घालत होती. कारण काय, तर नवऱ्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. तो माणूस देशासाठी एकदाच मेला, पण कागदावर त्याला अकरा वेळा सिद्ध करावं लागलं. बाराव्या खेपेला युनियनची चार माणसं तिच्याबरोबर गेली, टेबलासमोर बसली, अर्ज मराठीत लिहून दिला आणि पोच घेतल्याशिवाय उठली नाहीत. त्या दिवशी काम झालं. एकटीचं ऐकत नाहीत, चौघांचं ऐकतात. युनियन म्हणजे दुसरं काय असतं?

तिसरी, शेत. पावसाळ्यात त्या घरची लावणी आधी उरकायची, मग आपली. पूर्वी एकमेकांच्या शेतावर जाऊन काम उरकायची आपल्यात रीतच होती. ती विसरू नका.

बंधूंनो, ती तार पदरात बांधून उतरलेली माउली पुढं चाळीस वर्षं जगली. दर वर्षी त्या दिवशी ती मास्तरांच्या शाळेपर्यंत चालत जायची, पडवीत घटकाभर बसायची आणि परत यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या धन्याची समाधी इथंच हाय. इथंच मला तो मेला."

आता सगळ्यांनी उभं राहा. टोप्या काढा. उमरठच्या तानाजीसाठी, पळसगावच्या यशवंतसाठी, महाडच्या कचेरीपुढं पडलेल्यांसाठी, १०५ जणांसाठी, आणि ज्यांची नावं अजून कुठल्याच भिंतीवर लागलेली नाहीत त्या आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या जवानांसाठी, दोन मिनिटं गप्प उभे राहू. घोषणा त्यानंतर देऊ, आणि घोषणा झाल्यावर घरी जाण्याआधी, आपल्या गावच्या जवानाच्या घरी कोण जाणार ते इथंच ठरवून निघू.

हुतात्मे अमर रहे! जय महाराष्ट्र!