जन्म हा पुरावा नव्हे



सुरतेतल्या कोसाड आवास वसाहतीत शहरातल्या झोपडपट्ट्यांमधली माणसं महापालिकेनं आणून वसवली. अशा नव्या वस्तीत कोण कुठून आला हे शेजाऱ्याला ठाऊक नसतं. चोरी झाली की कुठल्याही वस्तीत पहिला संशय गरिबावर जातो, आणि तो भटक्या जमातीचा असेल तर विचारूच नका. आपल्याकडे जमात पाहून माणूस संशयित ठरतो. ही सवय आपल्याला कायद्यानं लावली आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. पारधी, कैकाडी, छारा अशा जमातींतल्या तान्ह्या मुलावरही गुन्हेगाराचा शिक्का बसला. मोठ्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर परवाना घ्यावा लागे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट, म्हणजे बंदिस्त वसाहत, होती. ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा रद्द झाला. पण १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्या वेळी गुजरातही त्याच राज्यात होतं. नव्या कायद्यात जमातीचं नाव नव्हतं, तरी पोलिसांची पावलं जुन्याच पालांकडे वळत राहिली.

याची किंमत काय असते ते नाशिकच्या खटल्यात दिसलं. जून २००३मध्ये एका शेतमजूर कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे त्याच न्यायालयानं प्रकरण पुन्हा उघडलं, तेव्हा कळलं की हल्ल्यातून वाचलेल्या महिलेनं पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळेच लोक ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ला सहाही जण निर्दोष सुटले. त्यांच्यातला एक जण गुन्हा घडला तेव्हा अल्पवयीन होता. गरीब भटक्यांना खोट्या प्रकरणात गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानंच नोंदवलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पण सोळा वर्षं गेली, ती कोण परत देणार? आणि ज्यांचे पाच जीव गेले, त्या कुटुंबाला तरी न्याय कुठं मिळाला? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले.

जन्मावरून माणूस ठरवण्याची हीच सवय तुरुंगांतही होती. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या नियमांतले जातिभेद घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची ती याचिका होती. नोंदवहीतला रकाना आदेशानं जाईल, आपल्या मनातला आपणच पुसायला हवा.

तेव्हा वस्तीतून कुणाला पोलीस घेऊन गेले, तर 'ते लोक तसलेच' असं म्हणू नका. त्यानं काय केलं आणि पुरावा काय, हे विचारा. अटकेचं कारण कळणं, वकील भेटणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं जाणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मोफत मदत मिळते. हा क्रमांक आज लिहून ठेवा आणि शेजाऱ्यालाही द्या, तो कुठल्याही जमातीचा असो.