संगणकाची नवी आवृत्ती आणि आपली कागदपत्रे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज पुष्कळ घरांत संगणक आहे. मुलांची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो हे सारे त्यात असते. "क्लाऊडवर आहे, काळजी नको," असे आपण सहज म्हणतो. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, एवढाच प्रश्न मी आपणांपुढे मांडणार आहे.

क्लाऊड म्हणजे दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर आपण घेतलेली खोली. घरचा संगणक आणि ती खोली यांच्यामध्ये एक कारकून अहोरात्र ये-जा करीत असतो असे समजा. इकडे कागद ठेवला की तो तिकडे नक्कल ठेवतो. इकडचा कागद फाडला की तिकडचाही फाडतो! हा दुसरा भाग बहुतेकांच्या ध्यानातच नसतो.

आता संगणकाची मूळ कार्यप्रणाली बदलली, म्हणजे अपडेट झाले, की या कारकुनाची वाट कधीकधी बिघडते. मार्च २०२२ मध्ये ॲपलच्या मॅकओएसची १२.३ ही आवृत्ती आली. ड्रॉपबॉक्स आणि वनड्राईव्ह ज्या जुन्या यंत्रणेवर केवळ क्लाऊडवर असलेल्या फाईली दाखवीत, ती यंत्रणा तीत काढून टाकलेली होती. अशा फाईली काही प्रोग्रॅममधून थेट उघडणार नाहीत, असे ड्रॉपबॉक्सने ग्राहकांना आधीच कळवले होते. फाईली सुखरूप होत्या, अडचण वाटेपुरती होती.

२०१८ ची हकीकत मात्र अधिक गंभीर आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती दिली आणि आठवडा पुरा होण्याच्या आत तिचे वितरण थांबवले. काही लोकांनी 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' यांसारख्या फोल्डरांचा पत्ता बदलून तो दुसऱ्या ड्राईव्हवर किंवा वनड्राईव्हवर नेला होता, पण जुन्या जागेतील सामान हलवलेच नव्हते. आधीच्या आवृत्तीत असे जुने फोल्डर रिकामे व दुहेरी दिसतात अशी तक्रार होती, म्हणून नव्या आवृत्तीने ते काढून टाकले. घर रिकामे समजून पाडले, आणि आत बिऱ्हाड होते! कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक होते. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा देण्यात आली.

यातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. चाचणी घेणाऱ्या काही जणांनी हा दोष आधीच कळवला होता, परंतु त्या तक्रारीला फारशी मते पडली नाहीत म्हणून ती मागे राहिली. वर्गात एकाच मुलाने हात वर केला, म्हणून त्याचे ऐकायचेच नाही, असे आम्ही शिक्षक केले तर पालक काय म्हणतील?

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे अनेक घरांत विंडोज ११ कडे जाण्याची घाई आहे. घाई करा, पण आधी आपली फाईल नेमकी कोठे आहे ते पाहा. वनड्राईव्हमध्ये फाईलीच्या नावाशेजारी निळ्या ढगाचे चित्र असेल तर ती घरच्या संगणकात नाही, केवळ तिचे नाव आहे. हिरवी बरोबरची खूण असेल तर ती संगणकात आहे. महत्त्वाचे कागद पेनड्राईव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती काढून कपाटात ठेवा. कारकुनाचा हात पोचणार नाही अशी ती एकच नक्कल. त्या दिवशी वेळ नसेल, तर सेटिंगमध्ये अपडेट काही दिवस थांबवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करा.

आणि अपडेटनंतर फोल्डर रिकामे दिसलेच तर? विद्यार्थी मित्रहो, तुम्ही उत्साही, म्हणून तुम्हांला मुद्दाम सांगतो: रिकामे दिसते म्हणून ते फोल्डर पुसू नका. मोबाईलवरून वनड्राईव्हच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा. तेथे फाईली असतील तर बिघाड वाटेतला आहे, वनड्राईव्ह पुन्हा सुरू केल्याने किंवा पुढच्या दुरुस्तीने तो बहुधा सुटतो. तेथेही नसतील तर तिथली कचरापेटी उघडा. वैयक्तिक खात्यात पुसलेली फाईल साधारण ३० दिवस तेथे राहते. आणि फाईल घरच्याच डिस्कवरून गेली असेल, तर तो संगणक वापरणे कमी करा. पुसलेल्या फाईलीच्या जागेवर नवे काही लिहिले गेले की जाणकारालाही ती परत काढता येत नाही.

दहावी-बारावीच्या मुलांनी हे नक्कल उतरवण्याचे काम प्रवेशअर्ज सुरू होण्यापूर्वीच उरकावे. दोन-चार दाखले आणि गुणपत्रके यांना पंधरा मिनिटे पुरतात. फोटोंना मात्र एक अख्खी दुपार लागेल.