प्रसंग घडवणारे सूर

श्रोतेहो, पार्श्वसंगीत म्हणजे प्रसंगामागे वाजणारे, पात्रांना ऐकू न येणारे संगीत,
आणि थोर संगीतकाराच्या हाती तेच प्रसंग घडवते.

अमेरिकेचे बर्नार्ड हरमन यांनी 1960च्या ‘सायको’साठी केवळ तंतुवाद्ये,
म्हणजे व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची गजाने वाजणारी वाद्ये योजली.
स्नानगृहातील हत्येला संगीत नको, असे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचे मत होते;
व्हायोलिनचे ते कर्कश, तुटक चीत्कार ऐकल्यावर मात्र त्यांनी ते बदलले,
आणि आज तो प्रसंग डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक आठवतो.

इटलीचे एन्नियो मोरिकोने यांची वाट निराळी.
सर्जिओ लिओने यांच्या वेस्टर्नपटांत, म्हणजे अमेरिकी पश्चिमेच्या बंदूकबाज कथांत,
त्यांनी शीळ, चाबकाचा फटकारा आणि इलेक्ट्रिक गिटार यांना वाद्यवृंदात मानाने बसवले.
1968च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चे मुख्य संगीत तर चित्रीकरणाआधीच तयार होते;
ते सेटवर वाजवले जाई आणि नटांची संथ चाल त्या लयीत बसे.
येथेही, श्रोतेहो, संगीतानेच प्रसंग घडवला.

मोरिकोने यांची सुरावट चित्राविनाही मैफलीत रमवते;
हरमन यांचे चार स्वर कानी पडताच चित्र समोर उभे राहते,
आणि पार्श्वसंगीतापुरते बोलायचे तर ही किमया काकणभर सरसच मानावी लागेल.