शाळेच्या रंगमंचावर शाकुंतल

कालिदासाच्या नाटकावरून अण्णासाहेब किर्लोस्करांनी रचलेले ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. तेही पहिल्या चार अंकांपुरतेच. शाळेला सातही अंक पेलत नाहीत. चौथा अंक, म्हणजे शकुंतलेची पाठवणी, एकटाही उभा राहतो. कण्व, सख्या, हरीण आणि ऋषिकुमारांच्या घोळक्यात बरीच मुले सामावतात. खरी अडचण पट्टीची. तेरा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. मुलींना सोयीची काळी चारची पट्टी मग त्यांना झेपत नाही. अशांना गद्य भूमिका द्याव्यात. पदांची कडवी कमी करावीत, ताना तर सोडूनच द्याव्यात. साथीला पेटी-तबला पुरतो. ध्वनिमुद्रित संगीतावर गाताना मूल अडखळले, तर सावरून घ्यायला कोणी नसते.