बीडने १९६७ साली दिलेला कौल



अंबाजोगाईत बोलायचे म्हणजे आधी मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींना वंदन. ते करून थेट विषयाला हात घालतो. युद्ध सुरू असताना लिहिणाऱ्याने तोंड उघडावे की मिटावे?

मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी अटक झाली. मजकूर तिने काढून टाकला होता, माफीही मागितली होती. तरी तिच्या सुटकेसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली, याचा मला आनंद आहे. पण त्या दिवसांत लेखक म्हणवणारे आपण बहुतेक जण गप्प होतो, याचे दुःख त्याहून मोठे आहे.

आपल्या बीड जिल्ह्याला तरी हे गप्प बसणे शोभत नाही. १९६२ च्या चीन युद्धात भारत संरक्षण नियमांखाली देशभर शेकडो कम्युनिस्टांना पकडले गेले. कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच चिनी आक्रमणाचा निषेध करून देशाच्या संरक्षणाला पाठिंबा दिला होता. तरी 'चीनचे हस्तक' हा शिक्का पुसला गेला नाही. पुढे १९६७ ची लोकसभा निवडणूक आली. १९६२ साली पुकारलेली आणीबाणी तेव्हाही उठलेली नव्हती. त्या निवडणुकीत बीडने दिल्लीला पाठवले ते क्रांतिसिंह नाना पाटलांना, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवाराला! ब्रिटिशांविरुद्धच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा नेता बीडचा खासदार झाला. लोकांनी युद्धावर मत दिले, असा दावा मी करणार नाही. धान्यटंचाई आणि महागाई त्यांच्या दारात उभी होती. पण कोणीतरी मारलेला शिक्का पाहून माणूस पारखायचे त्यांनी नाकारले, एवढे नक्की. १९७७ साली याच मतदारसंघाने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडे यांना निवडून दिले.

आणि १९६२ चे युद्ध सुरू असताना प्रश्न विचारणारे फक्त डावे नव्हते. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेचे तरुण सदस्य होते. संसदेचे अधिवेशन तातडीने बोलवा, ही त्यांची मागणी नेहरूंनी मान्य केली. ८ नोव्हेंबरला, लढाई संपलेली नसताना, चर्चा सुरू झाली. आपले जवान हिमालयाच्या थंडीत सुती कपड्यांत, जुन्या .३०३ रायफली घेऊन उभे होते. त्याचा जाब सरकारला द्यावा लागला. टीकेच्या रेट्याने संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. सांगा, जवानाच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत हे संसदेत ओरडून सांगणारा देशद्रोही, की ते झाकून ठेवणारा देशभक्त?

आपल्या भागात एकाच घरातला एक भाऊ पलटणीत असतो आणि दुसरा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या कोयत्यावर जातो. त्या घरातल्या आईला युद्धाच्या बातम्यांमध्ये जयघोष ऐकायचा नसतो. पोराला धड बूट मिळाले का, रजा कधी मिळणार, हे तिला हवे असते. तिच्या वतीने विचारायला लेखणीच पुढे यायला हवी.

मात्र विरोध करणाऱ्यालाही पथ्ये आहेत आणि ती मी कडक मानतो. तुकडी कुठे निघाली हे लिहायचे नाही. हुकूम पाळणाऱ्या शिपायावर राग काढायचा नाही; निर्णय ज्याने घेतला त्यालाच गाठायचे. आपल्या माणसांच्या पराभवात स्वतःचे म्हणणे खरे ठरल्याचे समाधान शोधायचे नाही. आणि युद्ध थांबल्यावर वीरपत्नी निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी हेलपाटे घालते, तेव्हा तिच्याबरोबर कचेरीत जायचे. हे शेवटचे पथ्य घोषणा देणारे आणि विरोध करणारे, दोघेही मोडतात.

प्रश्न विचारल्याने सैन्य खचते का? कारगिलचे युद्ध २६ जुलै १९९९ ला संपले. तीनच दिवसांत सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल संसदेत ठेवला. काही भाग वगळला होता, तरी ठेवला. सैन्य त्याने खचले नाही. उलट १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांचा अहवाल १९६३ पासून बंद आहे. यशवंतरावांनी त्याचा सारांश तेवढा लोकसभेत सांगितला. मूळ अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, तो अहवाल संपूर्ण प्रसिद्ध करावा, असा ठराव या संमेलनाच्या खुल्या अधिवेशनात मांडावा. आपल्या जिल्ह्यातले माजी सैनिक इथे बसले आहेत. अनुमोदन त्यांच्यापैकी कोणी द्यावे.