शब्द, संकेत आणि सोबत
(‘दारमोक’ या दूरचित्रवाणी-कथेच्या निमित्ताने)



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या वास्तूत मराठी शिकवले. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचा विषय भाषा हाच असावा, हे ओघानेच आले. मात्र त्या विषयाकडे जाण्यासाठी आज मी संतवाङ्‌मयाची किंवा आधुनिक कवितेची वाट धरणार नाही. एका अमेरिकन विज्ञानमालिकेतील माझा आवडता भाग आपल्यापुढे ठेवणार आहे. काही भुवया उंचावल्या असतील. त्या थोडा वेळ तशाच राहू द्याव्यात, एवढीच विनंती.

‘स्टार ट्रेक’ ही जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका 1966 साली सुरू झाली. तिची पुढची पिढी म्हणता येईल अशी ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका 1987 ते 1994 या काळात प्रक्षेपित झाली. तिच्या पाचव्या पर्वातील ‘दारमोक’ हा भाग 30 सप्टेंबर 1991 रोजी दाखवला गेला. पटकथा जो मेनोस्की यांची, दिग्दर्शन विन्रिक कोल्बे यांचे. कप्तान पिकार्डच्या भूमिकेत पॅट्रिक स्ट्युअर्ट आणि परक्या कप्तानाच्या, म्हणजे डेथॉनच्या भूमिकेत पॉल विन्फील्ड, हे दोघे अभिनेते जवळजवळ सगळा भार पेलतात.

कथा अशी. टॅमेरियन नावाचा एक समाज आहे. तो शत्रू नाही, पण त्याचे बोलणे कोणाला उमगत नाही. शंभर वर्षांत अनेकदा गाठी पडल्या आणि प्रत्येक वेळी दोन्ही पक्ष हात हलवत परतले. पिकार्डच्या यानावर कोणतीही भाषा तत्क्षणी उलगडणारे यंत्र आहे. ते टॅमेरियनांचे शब्द बिनचूक भाषांतरित करते. तरी ऐकू येतात ती केवळ माणसांची आणि ठिकाणांची नावे : कोणी दारमोक, कोणी जलाद, तनाग्रा नावाचे एक बेट. वाक्य कळते, पण म्हणणे कळत नाही.

तेव्हा डेथॉन एक विलक्षण गोष्ट करतो. तो पिकार्डला आणि स्वतःला खालच्या निर्जन ग्रहावर उतरवतो आणि एक खंजीर त्याच्यापुढे धरतो. पिकार्डला वाटते, हे द्वंद्वाचे आव्हान आहे. रात्री थंडी पडते आणि पिकार्डला आग पेटवता येत नाही. डेथॉन आपल्या शेकोटीतील जळते लाकूड त्याच्याकडे फेकतो आणि हात पसरणाऱ्या कोणा पुरुषाचे नाव घेतो. पिकार्ड चमकतो. हात पसरणे म्हणजे देणे! हे लोक क्रियापदाच्या जागी कथा वापरतात. दारमोक आणि जलाद हे तनाग्रा बेटावर एकेकटे आलेले दोन वीर. एका श्वापदाशी दोघे मिळून लढले आणि जाताना सोबती होऊन गेले. डेथॉनला द्वंद्व नको होते. ज्या गोष्टीचे नुसते नाव घेऊन समोरच्याला काही कळत नव्हते, ती गोष्ट त्याने त्याच्यासह जगून दाखवायचे ठरवले होते.

श्वापद खरेच येते. दोघे पाठीला पाठ लावून उभे राहतात. नेमक्या त्याच क्षणी पिकार्डचे सहकारी त्याला वाचवण्याच्या सद्हेतूने यानावर ओढून घेऊ पाहतात. त्या किरणांत तो जखडला जातो आणि डेथॉन एकटा घायाळ होतो. रात्री मरणासन्न डेथॉन पिकार्डकडे त्याच्या लोकांची एखादी गोष्ट मागतो. पिकार्ड गिलगामेश आणि एन्किडू यांची कथा सांगतो. तीही दोन प्रतिस्पर्ध्यांची, नंतरच्या मैत्रीची आणि मित्राच्या मृत्यूची. ती ऐकतच डेथॉन प्राण सोडतो. पुढे दोन्ही यानांत युद्ध पेटलेले असताना पिकार्ड परततो आणि टॅमेरियनांशी त्यांच्याच रीतीने बोलतो. युद्ध थांबते. त्यांच्या भाषेत एका नव्या संकेताची भर पडते. त्यात आता पिकार्ड आणि डेथॉन यांची नावे असतात.

आपल्या काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे तीन शब्दशक्ती आठवल्यावाचून राहणार नाहीत. अभिधेने वाच्यार्थ कळतो, लक्षणेने त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ, आणि व्यंजनेने तो ध्वनी, ज्याला आनंदवर्धनाने नवव्या शतकात काव्याचा आत्मा म्हटले. ते भाषांतरयंत्र अभिधेपाशी थांबते. टॅमेरियनांची भाषा मात्र लक्षणेपासून सुरू होते.

या कथेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. साधे शब्दच नसतील, तर त्या लोकांची मुले मुळातल्या गोष्टी शिकणार तरी कशा? आणि अवकाशयाने बांधणारा समाज केवळ पुराणांच्या आधारे यंत्रे कशी दुरुस्त करील? भाषाशास्त्राच्या कसोटीवर कथेत ही फट आहेच. तथापि, पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या अनुभवात सापडते. कोकणातील आणि गोव्यातील दशावतारी खेळात मांडीवर बसलेले मूल संकासुर पाहून घाबरते, ते संवाद कळण्याच्या कितीतरी आधी. गोष्ट आधी डोळ्यांना भेटते, शब्द मागाहून येतो. आणि रूपककथेकडे व्याकरणाचा हिशेब किती मागावा, यालाही मर्यादा आहे.

श्रोतेहो, टॅमेरियन आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. आपण ‘भगीरथ प्रयत्न’ म्हणतो, ‘शकुनिमामा’ म्हणतो, ‘ध चा मा’ केला म्हणतो. शेवटच्या तीन शब्दांचे अक्षरशः भाषांतर करून पाहावे. एका अक्षराचे दुसरे अक्षर केले, यापलीकडे हाती काही लागणार नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आणि त्याभोवतीची आनंदीबाईंची आख्यायिका ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्यातला कपटाचा अर्थ लागतो. ‘पानिपत झाले’ हे तर केवळ एका गावाचे नाव. 14 जानेवारी 1761 चा दिवस माहीत नसेल, तर ते नाव नकाशावरच राहील. त्या रणातून पायाला जायबंदी होऊन वाचलेले महादजी शिंदे ज्या घराण्याचे, त्या घराण्याच्या राजधानीच्या नगरात, आपल्या या ग्वाल्हेरीत, आपण बसलो आहोत. येथे तरी तो शब्द सांगावा लागू नये.

पण सांगावा लागतो. आपली नातवंडे शाळेत आणि रस्त्यावर हिंदी बोलतात, पुढे इंग्रजीत शिकतात आणि घरी मराठी बोलतात. पालक म्हणतात, घरी बोलतो तेवढे पुरे आहे. घरच्या बोलण्याने जेवणाखाणाचे, येण्याजाण्याचे शब्द टिकतात, हे खरे. त्या शब्दांच्या मागे उभ्या असलेल्या गोष्टी मात्र आपोआप टिकत नाहीत. त्या कोणी तरी बसून सांगाव्या लागतात. मग एके दिवशी घरातलेच मूल त्या यंत्रासारखे होते. आजीचे प्रत्येक वाक्य त्याला कळते, आणि आजी काय म्हणाली ते कळत नाही. भाषा मेल्याची बातमी कोणी छापत नाही. ती अशी एकेका संकेतागणिक विझते.

पिकार्डने निवडलेल्या गोष्टीचेच भवितव्य पाहा. गिलगामेशचे काव्य मेसोपोटेमियात शतकानुशतके लिहिले, वाचले, गिरवले जात होते. इसवीसनपूर्व 612 मध्ये निनेवे पडले. पुढे ती लिपी वाचणारेही उरले नाहीत, आणि काव्य सुमारे दोन हजार वर्षे मातीच्या विटांवर मुके राहिले. एकोणिसाव्या शतकात असुरबनिपालच्या ग्रंथालयाचे अवशेष लंडनला आले, आणि 1872 मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी त्यातील जलप्रलयाची कथा जगापुढे ठेवली. गोष्ट परत मिळाली. तिच्या नुसत्या उल्लेखाने एकमेकांकडे पाहून हसणारा किंवा डोळे पुसणारा समाज मात्र परत मिळाला नाही.

या कथेत आपल्यासाठी एक इशाराही आहे. केवळ आपल्याच गोष्टींत बोलणारा समाज शेजाऱ्याला शतकभर दुर्बोध राहू शकतो. टॅमेरियन असेच राहिले. आपण मराठी माणसे या शहरात पिढ्यानपिढ्या राहिलो. येथील आल्हा आपल्याला किती माहीत आहे आणि आपला पोवाडा शेजाऱ्याला किती, हा प्रश्न स्वतःला विचारावा. आपले जपणे आणि दुसऱ्याचे ऐकणे ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. डेथॉनने दोन्ही एकाच वेळी केली. त्याने आपला संकेत सोडला नाही आणि समोरच्याची गोष्ट मागितली. त्याची किंमतही त्याने मोजली.

शेवटच्या प्रसंगात पिकार्ड आपल्या खोलीत होमरच्या नावे चालत आलेली प्राचीन ग्रीक स्तोत्रे वाचत बसलेला दिसतो. परक्याची भाषा समजून आल्यावर त्याला आपल्याच संस्कृतीची मुळे नव्याने वाचावीशी वाटतात. मला या साऱ्या भागात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एकच सांगतो. शाळेला देणगी द्या, इमारतीला हातभार लावा; ते आवश्यकच आहे. पण वर्षातून एक दुपार या मुलांमध्ये येऊन बसा. एक म्हण घ्या आणि तिच्यामागची गोष्ट पूर्ण सांगा. मग त्यांच्या घरची, त्यांच्या गल्लीतली एक गोष्ट त्यांच्याकडून ऐका. गुरुवर्यांचे स्मारक म्हणून याहून वेगळे काही मला सुचत नाही.